बाळाची पहिली शिर्डी आणि खांद्यावरची पिशवी

आपल्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये असा संकेत आहे. तो सरला की घरातील वडीलधाऱ्यांना पहिली आठवण होते ती देवदर्शनाची. नगर, नाशिक आणि संभाजीनगर या पट्ट्यातील कित्येक घरांत हे पहिले दर्शन शिर्डीचे असते. नवस बोललेला असतो, पेढे ठरलेले असतात, आणि तान्हुल्याला मांडीवर घेऊन गाडीत बसण्याचा मान बहुधा आजीकडे येतो.

तो मान मीही मिरवला आहे, आणि त्यात चूकही केली आहे.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याची गर्दी ओसरल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. नातू अवघा सव्वादोन महिन्यांचा. ऑक्टोबरचे ऊन आपण सारे जाणतोच. सकाळी गारवा आणि अकरानंतर अंगाची लाही. पहाटेच्या गारव्यात मी त्याला झबले, त्यावर लोकरीचा स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि वरून दुहेरी दुपटे असे सजवले. गाडीत वातानुकूलन होते, म्हणून तो शांत झोपला. शिर्डीत उतरून रांगेकडे निघेपर्यंत अकरा वाजून गेले होते. गुंडाळलेले बाळ मात्र पहाटेच्याच वेषात होते.

रांगेत तासभर झाला असेल. बाळ आधी किरकिरले, मग लालबुंद झाले, आणि पुढे एकाएकी गप्प पडले. ते झोपले असे समजून मी समाधान मानले. सुनेने त्याला पाजायला घेतले, तर तो तोंडच लावीना. तिने दुपट्यात हात घातला आणि म्हणाली, ‘‘आई, याची मान बघा हो, किती तापली आहे!’’ माझ्या तोंडून निघाले, ‘‘अगं, आता अर्ध्या तासात दर्शन होईल.’’ ते वाक्य आजही मला टोचते. आमच्या ह्यांनी मात्र एका शब्दाने निकाल लावला. ‘‘आधी बाहेर चला.’’

सावलीत आणून टोपी, स्वेटर, मोजे काढले, ओल्या कापडाने अंग पुसले. थर्मामीटर शोधू लागलो तर तो मुक्कामाच्या खोलीवर, मोठ्या बॅगेत, नीट घडी घातलेल्या कपड्यांच्या तळाशी. खांद्यावरच्या पिशवीत होते काय? नारळ, शाल, पेढ्यांचे दोन पुडे आणि खुळखुळा. पाऊण तासाने बाळ डोळे उघडून दूध प्यायले. तरीही आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले, की हा ताप आजाराचा नसून कपड्यांचा आहे. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचे अंग तापले तर घरीच तर्क करीत बसू नये, तुम्ही आलात हेच योग्य केलेत.

तान्ह्या बाळाला शरीराचे तापमान सांभाळणे मोठ्यांइतके साधत नाही. वजनाच्या मानाने त्वचेचा विस्तार अधिक असल्याने ते लवकर गारठते आणि लवकर तापतेही. हातपाय गार लागले म्हणून आपण आणखी एक दुपटे घालतो. परंतु तळहात-तळपाय बाळाचे एरवीही गारच असतात. पाहायची ती मान आणि छाती. उन्हाळ्यात आपल्या अंगावर जेवढे कपडे, तेवढेच बाळाला; थंडीत आपल्यापेक्षा एक थर अधिक. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या काकड आरतीला जायचे तर कानटोपी हवीच, पण सभागृहात शिरताच ती काढायची आठवणही हवी. म्हणून एका जाड दुपट्यापेक्षा दोन-तीन पातळ सुती दुपटी बरी. घालणे-काढणे सोपे पडते.

त्या दिवसापासून आमच्या घरी प्रवासाला दोन पिशव्या झाल्या. मोठी बॅग मुक्कामी राहते. लहान पिशवी मात्र बाळ जिथे, तिथे. देवळात मोबाईल जमा करावा लागतो, चपला ठेवाव्या लागतात, प्रसादाचे सामान हाती येते. या साऱ्या गडबडीत ती पिशवी कुणाच्या खांद्यावर राहील, हे गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवावे. मोबाईल जवळ नसल्याने चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, तेही तेव्हाच बोलून घ्यावे.

या पिशवीत काय असावे, याचा हिशेब वस्तूंनी न करता तासांनी करावा. बाहेर किती तास राहणार, दर दोन-तीन तासांना एक लंगोट किंवा डायपर, आणि त्यावर तीन जास्तीचे. झबल्यांचे दोन जोड. आईसाठी एक जादा कुर्ता किंवा ब्लाउज. हा बहुतेक घरांत विसरला जातो आणि दूध उलटल्यावर बिचारी माउली दिवसभर तसाच वास घेऊन फिरते. ओले कपडे ठेवायला एक बंद पिशवी, खाली अंथरायला मेणकापडाचा तुकडा, स्वच्छ कापूस, उकळून गार केलेले पाणी पुसण्यापुरते, साबणाची वडी, पाजताना आडोशाला ओढणी, डासांसाठी लहान जाळी. थर्मामीटर वरच्या कप्प्यात. लसीकरणाचे कार्डही सोबत असावे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींपैकी एखादी प्रवासाच्या सुमारास येत असेल तर ती चुकवू नये, प्रवास दोन दिवस पुढे ढकलावा.

आता जे पिशवीत नसावे त्याविषयी; आणि येथे मला माझ्याच पिढीशी थोडे भांडायचे आहे. बाळगुटी, मध, ग्लुकोजचे पाणी, ग्राइप वॉटर यांतले काहीही नको. सहा महिने केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही; उन्हाळ्यातही नाही. ऊन वाढले की बाळाला अधिक वेळा पाजावे, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. म्हणजे पाण्याची बाटली लागते ती आईसाठी! मधातील जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर स्वरूपाची विषबाधा होऊ शकते, म्हणून पंचामृताचे बोटही चाटवू नये. बाळ वरच्या दुधावर असेल तर पावडर आणि उकळलेले पाणी वेगवेगळे न्यावे, वेळेवर मिसळावे आणि उरलेले टाकून द्यावे. शिर्डीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तयार दूध बाटलीत घेऊन फिरणे धोक्याचे आहे.

उदीचा प्रश्न नाजूक आहे. द्वारकामाईतील धुनीची उदी म्हणजे भक्तांच्या जिवाचा ठेवा. ती बाळाच्या कपाळाला बोटाच्या टोकाने लावावी. तोंडात घालू नये, डोळ्यांजवळ वा नाकाजवळ नेऊ नये, टाळूवर चोळू नये. कोणतीही राख तान्ह्याच्या श्वासात जाणे बरे नव्हे. धुनीपाशी धूर असला तर आजी-आजोबांनी आत जावे आणि आई-बाळाने मोकळ्या हवेत थांबावे. काजळही डोळ्यांत नको; तीट हवी तर ती पायाच्या तळव्याला लावावी. दृष्ट काढणारे पुष्कळ भेटतील, तसे गालाला हात लावणारेही. ‘बाळ लहान आहे, लांबूनच आशीर्वाद द्या’ असे हसून सांगण्याचे काम आजीने करावे. सुनेने सांगितले तर ती शिष्ट ठरते.

एके काळी कोपरगावला आगगाडीतून उतरून, गोदावरी ओलांडून टांग्याने शिर्डी गाठावी लागे. आता गावातच साईनगर शिर्डी हे स्थानक आहे, काकडीला 2017 पासून विमानतळ आहे आणि 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. रस्ता चांगला झाला म्हणून मंडळी न थांबता चार-चार तास गाडी हाकतात. बाळासाठी दर दोन तासांनी थांबावेच. पुढच्या आसनावर मांडीत बाळ घेऊन बसू नये. मागे, शक्य तर मागे तोंड असलेल्या बाळ-आसनात ठेवावे. विमानात चढता-उतरताना पाजत राहिल्यास कानाचे दडे सुसह्य होतात.

दिवस निवडणेही सामानाइतकेच महत्त्वाचे. गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे तान्ह्यासाठी नव्हेत. 2023 मध्ये सुरू झालेल्या दर्शनरांग संकुलात वातानुकूलित प्रतीक्षागृहे असली तरी गर्दी ती गर्दीच. रांगेत शिरण्याआधी तेथील कर्मचाऱ्यांना बाळ दाखवून ‘कोठून जावे’ असे विचारावे. ज्येष्ठांनीही आपल्यासाठी विचारण्यात संकोच करू नये. मुखदर्शनाचा पर्याय तर आहेच.

काही खुणा मात्र साऱ्यांनी पाठ कराव्यात. बाळ दूध ओढत नाही, हाक मारूनही सुस्त पडून आहे, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक आहे, छाती आत ओढली जाते, झटका आला, अंग गार पडले, टाळू खोल गेली, लघवी फार कमी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसतात किंवा ताप 100.4 फॅरनहाइट वा त्याहून अधिक आहे. यांपैकी एकही दिसली तर रांग, आरती, नवस सारे बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठावेत. वाहन नसेल तर 108 क्रमांक फिरवावा.

आणि एक आजोबांसाठी. त्या गोंधळात आमच्या ह्यांची रक्तदाबाची दुपारची गोळी चुकली होती, कारण तीही मोठ्या बॅगेतच राहिली होती. आता बाळाच्या पिशवीच्या बाहेरच्या खणात ज्येष्ठांच्या दिवसभराच्या गोळ्या आणि बिस्किटांचा एक पुडा असतो.

त्या संध्याकाळी आम्ही पाळीपाळीने मुखदर्शन घेतले. मी आत गेले तेव्हा बाळ बाहेर एका झबल्यावर, आजोबांच्या खांद्यावर गाढ झोपले होते. नारळ आणि शाल तेवढी माझ्या हातात होती.