प्रांताच्या तिजोरीपासून विद्यापीठापर्यंत

वर्धा जिल्हा पूर्वी ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात मोडत असे, त्या प्रांताच्या सनदी सेवेत चिंतामणराव देशमुख यांनी राज्यकारभाराचे धडे गिरविले. जमाबंदी व वित्त ही दोन्ही खाती त्यांनी पाहिली. रयतेकडून येणारा पैसा आणि तिजोरीतून जाणारा पैसा, दोहोंची त्यांना ओळख होती. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तर १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले व विद्यापीठ अनुदान आयोगाची धुरा स्वीकारली.

शिक्षकांचे वेतन मुलांच्या हस्तोद्योगातून हळूहळू निघावे, अशी अपेक्षा १९३७ च्या वर्धा परिषदेने व्यक्त केली होती. आयोगापुढील प्रश्न निराळा, आणि अधिक नाजूक: शासनाचा पैसा विद्यापीठांना द्यावा, पण त्यांची स्वायत्तता अबाधित राखावी. पुढे १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू या नात्याने त्यांनी तेच अनुदान मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले.