शिरस्त्राण आणि साक्षीदार

पेणहून वडखळ, नागोठणे मार्गे रोह्यास जाणाऱ्या काही दुचाकीस्वारांच्या शिरस्त्राणावर आता छोटा कॅमेरा दिसतो. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हापासून या टापूतील खड्डे ज्यांनी भोगले, त्यांस त्यांचा आणि बेदरकार मोटारवाल्यांचा पुरावा हवासा वाटला तर त्यात नवल नाही.

परंतु साक्षीदारासाठी मस्तकाची ढाल पणास लावणे शहाणपणाचे नव्हे. शिरस्त्राणाचे कवच गुळगुळीत असते ते शोभेसाठी नव्हे. पडल्यावर डोके रस्त्यावरून घसरावे, कशात अडकू नये, हा त्यातील हेतू. वर घट्ट बसविलेले यंत्र अडकले, तर हिसका मानेस बसावयाचा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ठरावीक मानकाचे शिरस्त्राण सक्तीचे केले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याच्या भंगास १,००० रुपये दंड व तीन महिने परवान्याची अपात्रता सांगितली. कॅमेऱ्याचा उल्लेख त्या कलमात नाही. केरळच्या मोटार वाहन खात्याने मात्र २०२२ साली असे कॅमेरे निषिद्ध ठरविले. म्हणजे कलम एक, पण अर्थ प्रांतोप्रांती निराळा! नाक्यावरील शिपायाच्या मर्जीवर नागरिकाचा परवाना अवलंबून राहू नये. पेण येथील परिवहन कार्यालयाने आपला निर्णय जाहीरपणे सांगावा, अशी आमची मागणी आहे.

तोवर कॅमेरा हवाच असेल, तर तो हँडलवर बसवावा. खड्ड्यांचा जाब अवश्य विचारावा. परंतु जाब विचारण्यास माणूस मागे उरला पाहिजे.