कुमारवयांतील आत्मादर



चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एकाएकी अबोल होतो, चांगली हुशार मुलगी "मला कांहींच येत नाहीं" म्हणूं लागते, आणि घरांतील वडील मंडळी "वयच तसें आहे" म्हणून स्वस्थ बसतात. वय तसें आहे हें खरें. पण याच वयांत मुलाच्या मनांत स्वतःची किंमत ठरत असते. तिलाच आत्मादर म्हणावयाचें. अहंकार निराळा. अहंकारी मनुष्य स्वतःस इतरांहून थोर समजतो. आत्मादर असलेल्या मुलास आपण इतरांइतकेच लायक आहोंत एवढेंच वाटतें, आणि आपल्या उणिवाही तो ओळखून असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं याचें एक गणित मांडलें. यश हा अंश, आपण स्वतःविषयीं बाळगलेली अपेक्षा हा छेद, आणि भागाकार तो आत्मादर. ८० गुण मिळविणाऱ्या मुलापुढें ९५ चा छेद असला, कीं त्याचें यशही त्यास अपयश भासतें. आणि हा छेद बहुधा घरच्या माणसांनींच लिहिलेला असतो!

पण नुसता छेद कमी करूनही भागत नाहीं. समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील पांच हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६५ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाचे मित्र आईबापांस माहीत होते काय, प्रगतिपुस्तकाकडे ते लक्ष देत काय, जेवतांना त्याचें बोलणें ऐकत काय, असे त्यांचे साधे प्रश्न होते. जेथें आस्था नव्हती, तेथें आत्मादर कमी आढळला. इतकेंच नव्हे, तर ज्यांस घरीं बोलणीं खावीं लागत त्यांच्याहूनही, ज्यांची कोणी विचारपूसच करीत नसे त्यांची स्थिति वाईट दिसली. हें रागावण्याचें समर्थन नव्हे. उपेक्षा किती झोंबते याचा हा पुरावा आहे.

आत्मादर खचलेल्या मुलास विषण्णता लौकर ग्रासूं शकते. दोन आठवडे उदासी हटली नाहीं, झोंप व भूक बिघडली, आवडता खेळ सुटला, तर उपदेश पुरत नाहीं. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा तोंडीं आली, तर एक दिवसही थांबूं नये. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा दूरध्वनि क्रमांक १४४१६ आहे. तेथें रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

बाकी दिवसांचें काम सोपें आहे. जेवतांना "गुण किती पडले?" याऐवजीं "दिवस कसा गेला?" असें विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये.