‘आनंदघन’ नावाचा संगीतकार नेमका होता तरी कोण?

‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणं तुम्ही ऐकलं असणारच. आवाज लता मंगेशकरांचा, शब्द जगदीश खेबुडकरांचे. आणि संगीत? तिथं नाव दिसतं ‘आनंदघन’.

हे आनंदघन म्हणजे दुसरंतिसरं कुणी नाही, खुद्द लतादीदी.

आजोळ खानदेशातलं

लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. वडील मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे. आई मात्र खानदेशची. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर गाव आहे. तिथले गुजराती शेठ हरिदास लाड यांची मुलगी म्हणजे माई मंगेशकर.

म्हणजे लतादीदींना घरातच दोन शाळा मिळाल्या. वडिलांकडून शास्त्रीय गाणं आणि आईच्या आईकडून पावागडचे गरबे, लोकगीतं. १९४२ मध्ये दीनानाथ गेले आणि वयाच्या तेराव्या वर्षी घराची जबाबदारी त्यांच्यावर आली. पुढची गायिकेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. संगीतकाराची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही.

पाच चित्रपट

‘राम राम पाव्हणं’ हा त्यांनी संगीत दिलेला पहिला चित्रपट. त्यानंतर भालजी पेंढारकरांचे चार: ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’. आनंदघन म्हणजे आनंदाचा मेघ. चाली साध्या, मातीतल्या, एकदा ऐकल्या की ओठांवर बसणाऱ्या. सगळी गाणी त्यांनी स्वतःकडेच ठेवली असंही नाही. ‘मराठा तितुका मेळवावा’मधलं ‘रेशमाच्या रेघांनी’ आशा भोसलेंनी गायलंय.

१९६५ च्या ‘साधी माणसं’ला राज्य सरकारचा सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार मिळाला. असं सांगतात की, समारंभात आनंदघन यांचं नाव पुकारलं गेलं, पण कुणी उठेचना. शेवटी निवेदकानेच सांगून टाकलं, आनंदघन इथेच बसल्या आहेत, त्या लता मंगेशकर आहेत.

टोपणनाव घेणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या

१९३० च्या दशकात बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांना सरस्वतीदेवी संगीत द्यायच्या. १९३६ चा ‘अछूत कन्या’ त्यांचाच. त्यांचं खरं नाव खुर्शीद होमजी. पारशी मुलीनं सिनेमात काम करणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून नाव बदलावं लागलं.

१९५९ मध्ये ‘दिल देके देखो’मधून उषा खन्ना आल्या, त्याही स्वतःच्या नावाने. मराठीत मीना खडीकरांनी बालगीतांना चाली दिल्या. ‘सांग सांग भोलानाथ’ ही त्यांचीच चाल. तरीही यादी बोटांवर मोजावी इतकीच राहिली. गायिका शेकड्याने झाल्या, पण चाल बांधायची, वादकांना सांगायचं, ‘असं नको, असं वाजवा’ म्हणायचं, ती खुर्ची बहुतेक वेळा पुरुषाचीच.

लतादीदींनी हिंदी चित्रपटाला कधीच संगीत दिलं नाही. स्वतः निर्मिती केलेल्या ‘लेकिन’चं संगीतही त्यांनी भाऊ हृदयनाथ यांच्याकडे सोपवलं. ‘तांबडी माती’ १९६९ चा. त्यानंतर आनंदघन हे नाव पडद्यावर दिसलं नाही.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लतादीदी गेल्या, तेव्हा आपण त्यांचा आवाज आठवला. पण ‘ऐरणीच्या देवा’ची चालही त्यांचीच होती. पुढच्या वेळी गाणं शेअर करताना संगीतकाराचंही नाव लिहा.