तात्या टोपे इंदुरास पोहोचते तर

‘जर-तर’च्या इतिहासाकडे इतिहासाचे अभ्यासक सहसा तुच्छतेने पाहतात. घडले ते घडले, न घडलेल्याची उठाठेव कशाला, असा त्यांचा सवाल असतो. तथापि थोरामोठ्यांनाही हा मोह आवरलेला नाही. १९३१ साली इंग्लंडात निघालेल्या एका लेखसंग्रहात विन्स्टन चर्चिल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेची सरशी झाली असती तर जग कसे झाले असते, याचे चित्र रंगविले होते. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना वाचवून पानिपताचा निकालच फिरविला. मराठी वाचकाला ती कथा का भावली, हे सांगण्याची गरज नाही. मराठी माणसाच्या मनात पानिपताचा सल अद्याप आहे.

माळव्यात राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांसाठी मात्र पानिपतापेक्षा जवळचा एक ‘जर-तर’ आहे. त्याचे स्थळ आपल्या अंगणातले, आणि काळ १८५८ च्या भाद्रपद-आश्विनाचा. ग्वाल्हेर हातची गेल्यानंतर तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे राजपुतान्यात शिरले. पाठीवर इंग्रजांच्या तुकड्या, पुढे पुराने फुगलेली चंबळ. ती ओलांडून ते झालरापाटणला आले. चंबळेच्या पुरामुळे पाठलाग करणारे पलीकडेच अडकले. झालरापाटणच्या राण्याची फौज तात्यांना मिळाली, तोफा मिळाल्या, पाच लाख रुपये मिळाले. तेथे पाच दिवस मुक्काम करून स्वारास तीस आणि पायदळाच्या शिपायास बारा रुपये दरमहा या दराने तीन महिन्यांचा पगार वाटला आणि मग इंदूरकडे कूच केले, असे तात्यांच्या जबानीत नमूद आहे.

इंदूरकडेच का? कारण उघड होते. १ जुलै १८५७ रोजी होळकरांच्याच सैन्याने इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा डागल्या होत्या. ती फौज पेशव्यांचे निशाण पाहताच पुन्हा उठेल, असा हिशेब होता. तो अगदीच खुळा नव्हता. इंग्रजांनाही तीच धास्ती होती, म्हणून सुसनेर-नलखेड्याच्या बाजूला त्यांनी तुकड्या आणून ठेवल्या. सप्टेंबरच्या मध्यास राजगडनजीक जनरल मिशेलने तात्यांना गाठले, पंचवीसहून अधिक तोफा गेल्या आणि इंदूरचा रस्ता बंद झाला. पुढे तात्या नर्मदा ओलांडून गेले, परत फिरले, एप्रिल १८५९ मध्ये पकडले गेले आणि १८ एप्रिल रोजी शिवपुरीस फासावर चढले.

आता समजा, मिशेल दोन दिवस उशिरा आला असता. तात्या इंदुरास पोहोचले, होळकरांची फौज मिळाली, महूची छावणी पडली, उज्जैनवर भगवा लागला आणि नर्मदेपासून चंबळेपर्यंतचा मुलूख कंपनीच्या अमलातून फुटून निघाला. असे राष्ट्र पुढे कसे चालले असते?

हे केवळ स्वप्नरंजन ठरू नये, म्हणून हाताशी एक पुरावा आहे. तीन महिन्यांपूर्वीच असे राज्य प्रत्यक्ष स्थापन झाले होते. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची फौज तात्यांना सामील झाली. चोवीस वर्षांच्या आतले जयाजीराव आग्र्यास निघून गेले, त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडेही तिकडेच पोहोचले, राजस्त्रिया नरवरला गेल्या. ३ जून रोजी फुलबागेत दरबार भरला. नानासाहेबांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरली. शिंद्यांच्या नोकरीतून पूर्वी दूर झालेल्या रामराव गोविंदांना दिवाणगिरी मिळाली. सर ह्यू रोझने १९ जूनला शहर आणि २० जूनला किल्ला घेतला, म्हणजे हे राज्य तीन आठवडेही टिकले नाही. पण जे टिकले नाही त्याकडेही जमाखर्चाच्या नजरेने पाहता येते.

ग्वाल्हेरचा खजिना उघडला तेव्हा पहिला खर्च झाला तो फौजेचा थकलेला पगार आणि वर बक्षीस. तो अपरिहार्य होता. बिनपगारी फौज दोन दिशांनाच जाते, घरी किंवा शत्रूकडे. शिंद्यांचे खजिनदार अमरचंद बांठिया यांनी खजिना मोकळा केला आणि त्याबद्दल त्यांना फाशी झाली, हे ग्वाल्हेरचे लोक अजून सांगतात. दुसरा खर्च दानधर्माचा, ब्राह्मणभोजनांचा. त्यावरून रावसाहेबांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली आहे. रोझ चालून येत असता पंक्ती कसल्या उठवता, हा आक्षेप बिनतोड आहे. मात्र नव्या राज्याला मान्यता लागते, आणि त्या काळी मान्यता मिळविण्याचा पेशव्यांच्या घराण्याला ठाऊक असलेला मार्ग तोच होता, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल. खरी उणीव वेगळी होती. त्या दिवसांत पैसा गेला, आला नाही. कोणत्या परगण्यातून वसुली कोण करणार, याची व्यवस्था लावायला फुरसतच मिळाली नाही.

तात्यांच्याच दराने माळव्याच्या कल्पित राज्याचा हिशेब मांडू. समजा दहा हजार पायदळ आणि पाच हजार स्वार. पायदळाला महिना एक लाख वीस हजार, स्वारांना दीड लाख, मिळून दोन लाख सत्तर हजार. वर्षाला बत्तीस लाख चाळीस हजार. तोफा, दारूगोळा, बैल आणि दाणावैरण वेगळी. झालरापाटणच्या पाच लाखांत असे लष्कर दोन महिनेही चालत नाही.

मग पैसा कोठून येणार? माळव्याचे उत्तर एकच होते, अफू. आमच्या काळ्या जमिनीतले ते पीक उज्जैन-इंदूरच्या सावकारीचा कणा होते. पण ती अफू विकली जाई चीनमध्ये, आणि जहाजावर चढे मुंबईत. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेल्यावर कराची-दमणची आडवाट बंद झाली आणि मुंबईखेरीज दुसरा रस्ता उरला नाही. इंग्रज त्यावर दर पेटीस चारशे रुपये शुल्क घेत. म्हणजे माळवा लढून स्वतंत्र झाला असता, तरी त्याच्या एकमेव नगदी मालाची किल्ली शत्रूच्या खिशात राहिली असती. उज्जैनचे सावकार मुंबईवर हुंड्या लिहीत. मुंबई परमुलूख झाल्यावर त्या हुंड्या कोण स्वीकारणार? पेशव्यांच्या दिवाणाने सावकारांना कर्ज मागितले असते तर त्यांनी पागोटे सावरीत काय उत्तर दिले असते, याची कल्पना पेढीवर बसलेल्या कोणालाही करता येईल.

सातासमुद्रापलीकडे अगदी अशीच कथा तीन वर्षांनी घडली. १८६१ मध्ये अमेरिकेची दक्षिणी संस्थाने संघराज्यातून फुटली. त्यांच्याजवळ कापूस होता, आणि कापसावाचून इंग्लंडचा श्वास अडेल असा त्यांचा विश्वास होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरे कोंडली, कापूस गोदामांत कुजला, कागदी चलन मातीमोल झाले आणि इंग्लंडने कापूस मुंबईहून नेला. त्या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, हे सर्वश्रुत आहे. दक्षिणेजवळ निदान किनारा तरी होता. माळव्याजवळ तोही नाही.

त्या अमेरिकी उदाहरणातली दुसरी गोष्ट मला अधिक बोधक वाटते. फुटून निघण्याचा हक्क हाच ज्या राज्याचा पाया, त्याला तो हक्क आपल्या घटकांना नाकारता येत नाही. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांना जॉर्जियाच्या गव्हर्नरनेच सैनिकभरतीवरून हैराण केले. घरातला प्रत्येक जण स्वतंत्र, मग घर चालवायचे कोणी?

आणि माळव्यात तर घरे किती! उज्जैनचेच पाहू. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी गोपाळमंदिर बांधले. १८१० च्या सुमारास दौलतराव ग्वाल्हेरला जाईपर्यंत शिंद्यांची राजधानी येथेच होती. आता पेशवे विजयी झाले तर उज्जैन कोणाचे? शिंद्यांचे म्हणावे, तर जयाजीराव इंग्रजांच्या बाजूचे. पेशव्यांनी खालसा करावे, तर डलहौसीने झाशीचे जे केले तेच पेशव्यांनी उज्जैनचे केले, असे होते. होळकरांना द्यावे, तर १८०१ च्या जखमा उघड्या होतात. त्या वर्षी जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडविला आणि ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. ती पिढी सरली असली, तरी तिचे नातू १८५८ मध्ये हयात होते.

एवढ्यावरही भागत नाही. शिंद्यांच्याच मुलखातल्या मंदसोरला ऑगस्ट १८५७ मध्ये शहजादा फिरोजशहाने मोगल घराण्याच्या नावाने सत्ता उभारली होती. मंदसोरकडून आलेल्या लोकांनी नोव्हेंबरमध्ये आपल्या महिदपूरच्या छावणीवर घाला घातला आणि तेथील बरेचसे शिपाई त्यांना मिळाले. त्याच महिन्याच्या अखेरीस ड्युरंडने मंदसोर घेतले म्हणून तो प्रश्न सुटला, अन्यथा माळव्यात दिल्लीच्या बादशहाचे नाव चालणार की पेशव्यांचे, हा पेच उभा राहिलाच असता. पेशव्यांनी एके काळी बादशाही नावाखाली आपले राज्य चालविले होते, महादजींनी तर दिल्लीहून पेशव्यांसाठी वकील-ई-मुतलकीची वस्त्रे आणली. तोच तोडगा पुन्हा निघाला असता, असे मला वाटते. मात्र दिल्लीत महादजी नव्हते, आणि बादशहा रंगूनच्या वाटेवर लागायचे होते.

अमझेऱ्याचे राव बख्तावरसिंह यांचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. ते राठोड राजपूत, शिंद्यांना खंडणी देणारे. इंग्रजांविरुद्ध उठले आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदुरात फाशी गेले. त्यांचे राज्य जप्त होऊन शिंद्यांच्या पदरी पडले. ते जगते आणि जिंकते, तर नव्या राष्ट्राच्या दरबारात त्यांनी पहिली मागणी कोणती केली असती? शिंद्यांची खंडणी बंद करा, हीच. माळव्यातल्या पुष्कळ ठाकुरांच्या लेखी परके राज्य इंग्रजांपासून सुरू होत नव्हते. आपले पूर्वज येथे कोण म्हणून आले, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही. चौथाईच्या वह्या आपल्या मोडी अक्षरांत होत्या. मराठी राज्य विजयी होणे आणि माळवा स्वतंत्र होणे या एकच गोष्टी आहेत, असे गृहीत धरण्याची आपली सवय जुनी आहे.

या साऱ्याचा विचार करता माझा अंदाज असा, की हे राष्ट्र पाच-सहा वर्षे चालले असते. त्यात एक छत्र नसते, तर जुन्या मराठामंडळासारखी सरदारांची सैल मोट असती. पगार थकला की तुकड्या या सरदाराकडून त्या सरदाराकडे गेल्या असत्या. मुंबईच्या इंग्रजाने लढाईऐवजी अफूचे शुल्क चढविले किंवा उतरविले असते, आणि ज्याला सवलत तो मित्र अशा रीतीने एकेकाशी वेगळा तह केला असता. १८०३ ते १८१८ या काळात हेच घडले होते. आगगाडी तर आलीच नसती किंवा फार उशिरा आली असती. वास्तवात होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर मार्गासाठी एक कोटी आणि शिंद्यांनी पुढे नीमचच्या मार्गासाठी पंच्याहत्तर लाख रुपये कर्जाऊ दिले. पैसा माळव्यात होता. पण रूळ विलायतेहून मुंबई बंदरातच उतरत.

पेशव्यांच्या राज्यात आपली मराठी घरे उज्जैनात उरली असती काय, हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करतो. पराभवाने ती उरली. शिंद्यांचे राज्य १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत टिकले, आणि त्याच्या आश्रयाने कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी, पौरोहित्य चालले. विजयानंतर सरदारांच्या झटापटीत एकदा इंदूर, एकदा उज्जैन लुटले गेले असते, आणि १८०१ प्रमाणे पहिली झळ लागली असती ती दप्तरे सांभाळणाऱ्या घरांनाच.

झाशी का गेली? दत्तक नामंजूर झाला म्हणून. नानासाहेबांचा तनखा का बंद झाला? तेही दत्तकपुत्रच होते. या अन्यायाची दाद मागण्यासाठी जी तलवार उपसली गेली, तिचे म्हणणे हरल्यावरच मान्य झाले. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने संस्थाने खालसा न करण्याचे वचन दिले, तेव्हा तात्या टोपे नुकतेच नर्मदेपलीकडे उतरले होते. १८६२ मध्ये शिंदे, होळकर आदी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्वाल्हेरच्या दरबारात पेशव्यांच्या मसनदीवर बसलेले रावसाहेब ब्रह्मावर्तास फासावर गेले.