थरथर आधी मोजा, मग पाना हाती घ्या

गाडीने ताशी 90 किलोमीटरचा वेग गाठला की स्टेअरिंग थरथरू लागते आणि वेग उतरला की सारे शांत होते. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेले की बहुतेक वेळा व्हील बॅलन्सिंग होते, जोडीला अलाइनमेंट, तरीही फरक पडला नाही तर एखादे इंजिन माउंटिंग बदलले जाते. अंदाजाने भाग बदलत जाण्याची ही पद्धत खर्चिक आहे आणि तिची गरजही नाही. गाडीतला फिरणारा प्रत्येक भाग सेकंदाला ठरावीक फेरे घेतो. त्यात दोष असला तर थरथरही त्याच गतीने किंवा तिच्या पटीत येते. म्हणून थरथर सेकंदाला किती वेळा होते आणि ती कशाबरोबर वाढते-घटते हे कळले की दोषाचा बराचसा माग लागतो.

हिशेब सोपा आहे. छोट्या मोटारीच्या चाकाचा व्यास साधारण 60 सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे 1.9 मीटर. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणून चाक सेकंदाला सुमारे 13 फेरे घेते. त्याच वेळी इंजिन मिनिटाला 2,400 फेऱ्यांवर असेल, तर सेकंदाला 40 फेरे होतात आणि चार सिलिंडरच्या इंजिनात इंधनाचे 80 स्फोट. 13 आणि 40 यांतला फरक हाताला जाणवतो: चाकाची थरथर त्या मानाने संथ असते, इंजिनाची बारीक आणि गुणगुणल्यासारखी. आता चाकाच्या रिमवर एका बाजूला फक्त 20 ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. या वेगाला ते सुमारे अडीच किलो वजनाइतक्या जोराने चाक बाहेर ओढते, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी 45 ला तो चौथाईवर येतो. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसला तरी एवढा असमतोल सहज होतो.

मग ताशी 90 ला जाणवणारी थरथर 110 ला कमी कशी होते, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अनुनादात आहे. टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये असलेल्या चाकाची स्वतःची डोलण्याची लय साधारण सेकंदाला 10 ते 15 असते. झोक्याला नेमक्या वेळी हात लावला की तो उंच जातो, तसेच चाकाचे फेरे या लयीशी जुळले की लहान धक्काही मोठा होतो. वेग पुढे गेला की मेळ सुटतो. थरथर गेली म्हणून दोष गेला, असे मात्र होत नाही.

दोष कोणत्या गटातला, हे तीन साध्या चाचण्यांतून कळते. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच फेऱ्यांवर नेले आणि थरथर आली, तर संशय इंजिनावर किंवा माउंटिंगवर. मोकळ्या, सरळ रस्त्यावर इंजिन चालू ठेवून गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये घेतली, इंजिनाचे फेरे उतरले तरी थरथर तशीच राहिली, तर चाक, टायर, हब यांकडे पाहावे. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नसावी. फक्त जोरात वेग घेताना येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तपासावा.

यावर अनुभवी मेकॅनिक म्हणेल की बॅलन्सिंग स्वस्त आहे आणि दोष बहुधा तिथेच निघतो, मग एवढी उठाठेव कशाला? चाकाच्या चाचणीत थरथर टिकली असेल तर बॅलन्सिंगनेच सुरुवात करावी, हे खरे. पण ब्रेकच्या किंवा इंजिनाच्या दोषावर ते पैसे वाया जातात. शिवाय बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक भाराविना फिरते. टायरच्या आतले पट्टे सुटले असतील किंवा एका जागी तो जास्त कडक असेल, तर यंत्र शून्य दाखवते आणि रस्त्यावर भार पडताच चाक पुन्हा हादरते. अशा वेळी पुढची-मागची चाके अदलाबदल करून थरथर जागा बदलते का ते पाहावे. अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढली जाणे आणि टायरची वाकडी झीज थांबते. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीवर तो इलाज नाही.

म्हणून गॅरेजात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्या: कोणत्या वेगाला येते, इंजिनाचे फेरे किती, ब्रेकने किंवा अॅक्सिलरेटरने बदलते का, आणि आधी स्टेअरिंग हलते की सीट. थरथर अचानक सुरू झाली किंवा झपाट्याने वाढत असेल तर मात्र चाचण्या करत बसू नका. गाडी बाजूला घ्या आणि चाकांचे नट व टायरवरचा फुगवटा तिथेच तपासा. सैल नट असलेले चाक निखळू शकते.