गर्भवती माता, वार आणि 'ड' जीवनसत्त्व

'ड' जीवनसत्त्व म्हटले की आपल्याला प्रथम हाडे आठवतात. मुलांना मुडदूस होऊ नये म्हणून पूर्वी कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजले जाई, ही आठवण आपल्यातील काही ज्येष्ठांना असेल. परंतु या जीवनसत्त्वाचे कार्य मूल जन्माला येण्यापूर्वीच, मातेच्या उदरात सुरू होते. त्याविषयी प्रत्येक कुटुंबाने थोडे जाणून घेणे हिताचे आहे.

सूर्यकिरण त्वचेवर पडले की तेथे 'ड' जीवनसत्त्व तयार होते. त्याचे पहिले रूपांतर यकृतात व दुसरे मूत्रपिंडात होते. या दुसऱ्या रूपांतरातून 'कॅल्सिट्रायॉल' हे त्याचे कार्यक्षम रूप मिळते. ते खरे पाहता एक संप्रेरकच आहे. गर्भारपणात मातेच्या रक्तातील त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने वाढते. हे शेवटचे रूपांतर केवळ मूत्रपिंडातच नव्हे, तर गर्भाशयाशी जोडलेल्या वारेच्या पेशींतही होऊ शकते, असे 1979 पासूनच्या संशोधनातून पुढे आले.

वार ही केवळ बाळाला अन्न व प्राणवायू पोहोचवणारी व्यवस्था नाही. ती संप्रेरके निर्माण करणारी ग्रंथीही आहे. गर्भ टिकवून धरणारे व गर्भाशयाला शांत ठेवणारे प्रोजेस्टेरॉन पहिले काही आठवडे मातेच्या बीजकोशातून येते. त्यानंतर, साधारण तिसऱ्या महिन्यात, ही जबाबदारी वार स्वतःकडे घेते. इस्ट्रोजेनही तीच तयार करते. मेक्सिको सिटी येथील संशोधकांनी प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना कॅल्सिट्रायॉल दिले. तेव्हा त्या पेशींतून या दोन्ही संप्रेरकांचा स्राव वाढल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. प्रयोगशाळेतील पेशींवर जे दिसते, ते जिवंत मातेच्या शरीरात तसेच घडेल असे नाही. बांगलादेशात ढाका येथे सुमारे 1300 गर्भवती स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात हे जीवनसत्त्व पूरक म्हणून दिल्याने बाळांची वाढ अधिक चांगली झाल्याचे दिसले नाही. तो अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यामुळे 'ड' जीवनसत्त्व घेतले की गर्भपात टळतो, असा समज कोणीही करून घेऊ नये.

मग काळजी कशाची? काळजी कमतरतेची आहे. बाळाला हे जीवनसत्त्व सर्वस्वी मातेकडूनच मिळते. तिच्याजवळच नसेल तर बाळाला कोठून मिळणार? तीव्र कमतरता असलेल्या मातेच्या नवजात बाळाच्या रक्तातील कॅल्शियम घटून त्याला आकडीही येऊ शकते. आपल्या देशात ऊन भरपूर आहे, म्हणून ही अडचण आपली नाही, असे आपण मानतो. परंतु लखनौ येथील 2005 सालच्या अभ्यासात सुमारे 84 टक्के गर्भवती स्त्रियांत, शहरी व ग्रामीण दोन्हीकडे, हे प्रमाण अपुरे आढळले. सावळ्या त्वचेला अधिक वेळ ऊन लागते. शिवाय घरातील व कार्यालयातील दिनक्रम आणि अंगभर वस्त्रे यांमुळे ऊन अंगाला लागतच नाही. सकाळचे कोवळे ऊन सुखद असले, तरी त्यात आवश्यक किरण फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचे थोडे ऊन हातापायांवर घेणे अधिक उपयुक्त ठरते. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे व अंड्याचा पिवळा बलक यांतूनही हे जीवनसत्त्व काही प्रमाणात मिळते.

दिवसाला साधारण 600 युनिट ही गर्भवतीची गरज मानली जाते. याउलट औषधाच्या दुकानात मिळणारी 60,000 युनिटची पुडी ही उपचाराची मात्रा आहे. शेजारणीने घेतली म्हणून आपणही घ्यावी, अशी ती वस्तू नव्हे. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. तेव्हा गर्भवतीने पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना याविषयी विचारावे, कमतरतेची शंका असल्यास रक्त तपासून घ्यावे आणि सांगितलेली मात्राच घ्यावी. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्प असते. म्हणून बाळाला थेंब द्यावेत का, हेही बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

घरातील वडीलधाऱ्यांनी व पतीनेही यात लक्ष घालावे. गर्भवतीला दिवसातून काही वेळ कामातून मोकळीक मिळाली, ती अंगणात निवांत बसू शकली, तर तेही तिच्या व बाळाच्या आरोग्यास साहाय्यच होईल.